सहा फलक, सहा नारिंगी : शाळेच्या पक्षिचित्रांची कामाची वही

३ जून २०२५, मंगळवार

शाळा उघडायला अजून तेरा दिवस आहेत, पण काम आजपासून सुरू झालं असं मी धरते.

सकाळी सव्वासातला आमच्या इमारतीचे वॉचमन काका दारात उभे. हातात पंचा, पंच्यात काहीतरी जपून धरलेलं. "बाई, खाली काचेवर आपटलं. मांजर टपलेली होती म्हणून उचलून आणलं." पंचा उघडला तर तिबोटी खंड्या. चिमणीपेक्षाही लहान. डोळे अर्धवट मिटलेले, चोच उघडी, छाती धडधडतेय.

पावसाच्या तोंडावर हे होतं. तिबोटी कोकणात वीण करायला येतो तो पावसाबरोबर, रात्रीचा प्रवास करत. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. घोडबंदर रोडला आमच्या मागे डोंगर सुरू होतो आणि डोंगराच्या पायथ्याशी काचांच्या इमारती. काचेत समोरचं झाड दिसतं. पक्षी झाडाकडेच निघालेला असतो.

चपलांचं खोकं घेतलं, झाकणाला भोकं पाडली, आत सुती कापड घातलं. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. अंधार आणि शांतता, एवढंच. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला. शेजारच्या मुलाने फोटोसाठी मोबाइल पुढे केला, त्याला नको म्हटलं.

खोक्यात ठेवताना जेमतेम दहा-बारा सेकंद तो माझ्या डोळ्यांसमोर होता. तेवढ्यात पाहिलेलं लगेच लिहून ठेवलं. पोट : पिकत आलेल्या हापूसच्या सालीचं पिवळं-नारिंगी. डोकं : विटकरी, वर जांभळी झाक. चोच : ओल्या शेंदराची. पाय : तोच शेंदूर, पण पाणी घातलेला. बोटं खरंच तीन. पाठीचा काळा-निळा वेगळाच. एका मुठीएवढ्या पक्ष्यात चार नारिंगी, आणि एकही माझ्या पेटीतल्या 'नारिंगी' नावाच्या ट्यूबसारखा नाही.

साडेनऊला खोक्यातून खुडबुड ऐकू आली. वनखात्याची माणसं दहाला आली आणि घेऊन गेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला : ओढ्याकाठी सोडला, उडाला.

८ जून, रविवार

कामाचं स्वरूप लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत.

शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात सहा फलक लावायचे. प्रत्येक तीन फूट बाय चार फूट, मरीन प्लाय, त्यावर ॲक्रिलिक. पक्षी सप्ताहाच्या आधी पूर्ण. हा सप्ताह राज्यात ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. ५ ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा.

मुख्याध्यापक सरांच्या मनात जगभरातले रंगीत पक्षी होते : मकाव, टूकान. मुलांना आवडतील, व्हरांडा उजळून निघेल, असं त्यांचं म्हणणं. मी मे महिन्यातच त्यांच्याशी बोलले. गेल्या वर्षी पाचवीच्या चाळीस मुलांना 'आवडता पक्षी' काढायला सांगितला, तर तेवीस जणांनी पोपट काढला. आणि ज्यांनी नारिंगी वापरला त्या सगळ्यांचा नारिंगी एकच : पेटीतला, सरळ नळीतून आलेला. या मुलांच्या घरापासून तासाभराच्या आत किमान सहा तऱ्हांचे नारिंगी पक्षी राहतात. तेच काढू या म्हटलं. सर हो म्हणाले. पण पार्श्वभूमी साधी ठेवा, एकरंगी, म्हणजे पक्षी उठून दिसेल, असंही म्हणाले. त्याबद्दल अजून वाद आहे.

यादी : तिबोटी खंड्या, नारिंगी डोक्याचा कस्तुर, तलावावरचा छोटा खंड्या, खाडीवरचा चिखल्या, थिरथिरा, निखार. टिकेलचा निळा माशीमार शेवटपर्यंत यादीत होता. त्याच्या छातीचा नारिंगी फार सुंदर, पण जागा कस्तुराचीच, तीच सावली. म्हणून वगळला. जीवावर आलं.

१८ जून, बुधवार

चितमपल्ली गेले. संध्याकाळी बातमी कळली. सोलापूरला जन्मले, सोलापूरलाच गेले, वय ९२. याच वर्षी पद्मश्री मिळाली होती.

आज ब्रश हातात घेतला नाही. यादीतली नावं पुन्हा पुन्हा वाचली. तिबोटी म्हणजे तीन बोटांचा. थिरथिरा म्हणजे शेपटी थरथरवणारा. निखार म्हणजे फुंकर घातलेला कोळसा. वनखात्याच्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून अशी नावं त्यांनी गोळा केली, जिथे नव्हती तिथे घडवली. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावं हे त्यांच्यामुळे मला कळलं. फलकांवर नाव आधी मराठीत, मोठ्या अक्षरात. हे ठरलं.

२२ जून, रविवार. येऊर

पहाटे साडेपाचला निघाले. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सगळं उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत. नाक्यावर नोंद केली. पाऊस बारीक, सतत.

सहा वाजून दहा मिनिटांनी पाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, झाडीखाली, पानांचा आवाज. कुणीतरी एकेक पान उचलून बाजूला टाकतंय असा. कस्तुर. चोचीने पान पकडायचं, झटक्यात उलटवायचं, खालचा किडा-गांडूळ टिपायचं, दोन उड्या, पुन्हा पान. मी उकिडवी बसून राहिले. वीस पावलांवर होता.

आणि तो नारिंगी दिसत नव्हता! डोकं, छाती, पोट सगळं मातकट तपकिरी. उलट पाठीचा राखी-निळा जास्त उजळ वाटत होता. सात वाजेपर्यंत तशीच बसले. ढग थोडे विरळ झाले, पानांतून उजेड खाली आला, आणि डोकं हळूहळू पेटत गेलं. आधी विटकरी, मग गेरूचं, मग एका क्षणी खरंच नारिंगी, आणि पुन्हा ढग.

अंधुक उजेडात माणसाच्या डोळ्याला लाल-नारिंगी काळवंडलेला दिसतो आणि निळा उजळतो. कला महाविद्यालयात हे शिकले होते, संध्याकाळच्या निसर्गचित्रासाठी. पण इथे त्याचा उपयोग त्या पक्ष्यालाच होतोय असं वाटलं. कुजलेल्या पानांत वावरणाऱ्याला हाच नारिंगी सोयीचा. उन्हात धरला तर भडक, सावलीत पाचोळा.

आपल्याकडच्या कस्तुराचा गळा पांढरा असतो आणि डोळ्याखालून दोन काळसर उभे पट्टे उतरतात. ते पट्टेसुद्धा सावलीच्या रेघांसारखे दिसतात. पांढऱ्या गळ्यामुळे याला श्वेतकंठी कस्तुर असंही म्हणतात. परतताना उंच फांदीवरून गाणं ऐकलं, जोरकस, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ.

सरांना सोमवारी सांगायचं : एकरंगी पार्श्वभूमीवर हा पक्षी काढता येणार नाही. पाचोळा काढावाच लागेल. पाचोळ्याशिवाय त्याचा रंगच ठरत नाही.

२४ जून

सरांशी बोलले. बरोबर चार स्केचेस नेली होती : तोच कस्तुर पांढऱ्यावर, आकाशी निळ्यावर, हिरव्यावर आणि पाचोळ्यात. सर बराच वेळ शेवटच्याकडे बघत राहिले. "मग प्रत्येकाची जागा काढा," म्हणाले. वाद मिटला.

१० जुलै, गुरुवार

पाच मुलांचा गट केला, सातवी-आठवीचा. मधल्या सुट्टीत आणि शनिवारी काम.

कस्तुराचा रंग जुळत नव्हता. कॅडमियम ऑरेंजमध्ये बर्न्ट सिएना घातला तर मळकट होतो, कमी घातला तर संत्र्यासारखा. ॲक्रिलिक सुकलं की एक छटा गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. नऊ पट्ट्या रंगवून झाल्या.

येऊरच्या पाड्यावरून येणारी सातवीतली एक मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "बाई, हा गेरू आहे." तिच्या घरी लग्नकार्याला भिंत गेरूने सारवतात आणि वर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. "गेरू ओला असतो तेव्हा असा दिसतो. सुकल्यावर नाही. ओला."

दुसऱ्या दिवशी ती पुडीत गेरू घेऊन आली. पाण्यात कालवला, नवव्या पट्टीशेजारी फासला. मुलीचं बरोबर होतं. गेरू काय किंवा बर्न्ट सिएना काय, दोन्ही लोहाच्या मातीचेच रंग. पण गेरूत जो लालसर ओलावा आहे तो ट्यूबमध्ये नव्हता. आता मिश्रण असं : बर्न्ट सिएना दोन भाग, कॅडमियम ऑरेंज तीन, पिवळी माती अर्धा, आणि सुकल्यावर वरून अगदी पातळ चकाकीचा हात, म्हणजे ओलेपणा टिकतो. मिश्रणाला नाव दिलं : ओला गेरू.

१३ जुलै

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई घरी आल्या होत्या. मी विचारलं, पक्ष्याच्या पिसात नारिंगी येतो कुठून? दोन तास गेले.

एक वाट अशी की पक्षी स्वतःच रंग तयार करतो. आपल्या केसांत जी मेलॅनिनची जात तांबूस रंग आणते, तशीच पिसात. कस्तुराचा गेरू या वाटेचा. थिरथिऱ्याच्या पोटाचाही. हा रंग तयार करायला विशिष्ट खाणं लागत नाही.

दुसरी वाट कॅरोटिनॉइडची. गाजरात, पानांत, शेवाळात असतात ती. पक्ष्याला ती शरीरात बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. पान अळी खाते, अळी निखार खातो, आणि ते पिवळं द्रव्य त्याच्या शरीरात बदलून लालकडे झुकतं. या बदलामागचं जनुक २०१६ मध्ये संशोधकांनी शोधलं. निखाराचा नर लाल-नारिंगी आणि मादी पिवळी का, याचं उत्तर इथे आहे : दोघं एकाच झाडावरच्या अळ्या खातात, पण मादीत पिवळ्याचा लाल होत नाही.

रोहित पक्ष्याचंही, म्हणजे फ्लेमिंगोचंही, असंच. पिल्लू राखाडी, खाऊन खाऊन गुलाबी.

आणि खंड्याचा निळा तर रंगद्रव्यच नव्हे. पिसाच्या आत बारीक छिद्रांची स्पंजासारखी रचना, तिच्यातून उजेड फुटतो तो निळा दिसतो. पीस कुटून पूड केली तर निळं काही उरणार नाही.

बाई गेल्यावर मी निखाराच्या फलकाचा कच्चा आराखडा फाडून टाकला. त्यात झाडाला पानं कमी होती. पक्षी स्पष्ट दिसावा म्हणून मीच कमी केली होती. ज्या पानांतून त्याचा रंग येतो तीच कशी गाळायची?

२० जुलै, रविवार. कर्नाळा

पनवेलच्या पुढे कर्नाळा. १९६८ पासूनचं अभयारण्य, जेमतेम बारा चौरस किलोमीटर, महामार्गाला लागून. तिबोटी हा रायगडचा जिल्हा पक्षी. मातीचा उभा काठ काढायचा तर तो कसा असतो हे बघायला हवं होतं.

ओढ्यावर पोचण्याआधीच गर्दी दिसली. वीसेक माणसं, तिवया रोवलेल्या, मोठमोठ्या लेन्स, सगळ्यांची तोंडं एका मातीच्या दरडीकडे. दरडीत बीळ. समोरच्या वेलीवर नर की मादी कळेना, चोचीत पाल घेऊन बसलेला तिबोटी. बसला, उडाला, पुन्हा बसला. बिळात जाईना. मी घड्याळ लावलं : एकोणीस मिनिटं. आत पिल्लं असणार, नाहीतर पाल आणली नसती. फोटो मिळावा म्हणून समोरच्या फांद्याही मोडलेल्या होत्या.

मी तिथल्या एका गृहस्थांना हात जोडून सांगितलं की थोडं मागे व्हा. ते झाले. बाकीचे नाही झाले. मी निघून आले, कारण मीही त्या गर्दीतली एकविसावी होते.

तिबोटीचं बीळ मीटरभरापर्यंत खोल असू शकतं. चार-पाच अंडी, सतरा दिवसांनी पिल्लं, पुढे आणखी वीसेक दिवसांनी ती बाहेर. हे सगळं पावसाच्या भरात, जेव्हा माती खणण्याइतकी मऊ असते आणि ओढ्यात बेडूक, खेकडे, किडे भरपूर असतात. म्हणजे जून ते सप्टेंबर एवढाच वेळ. त्यातली एकोणीस मिनिटं गेलेली मी पाहिली.

फलकावर बीळ दाखवायचं नाही असं ठरवलं. ओढा, ओली दरड, मुळं लोंबतायत, आणि पक्षी वेलीवर. बीळ नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळेला सुट्टी जाहीर. कालपासून पाऊस थांबलेला नाही. दिवसभर घरी तिबोटीची दरड रंगवली. चांगली झाली आहे. पाण्याचा आवाज खिडकीतून येत होता, त्याचा उपयोग झाला.

२४ ऑगस्ट, रविवार. नेरूळ

टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. दुपारी भरतीच्या वेळी गेले. खाडीत चिखल उघडा असतो तोवर पाणपक्षी तिथे चरतात. भरतीने तो बुडाला की ते अशा पाणथळींवर येऊन टेकतात, ओहोटीची वाट बघत. पाणथळ बुजवली तर त्यांना पाय ठेवायला जागा नाही. चरायला खाडी आहे, पण भरतीचे सहा तास काढायचे कुठे?

चिखले आले होते, शंभराच्या वर. हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर वीण करून परतलेले. तिकडे असताना नराच्या छातीवर विटकरी-नारिंगी पट्टा असतो, ठसठशीत. इथे हिवाळाभर जे चिखले दिसतात ते राखी-तपकिरी, त्यामुळे आपल्याला वाटतं हा पक्षी तसाच. पण ऑगस्टमध्ये पहिले थवे उतरतात तेव्हा त्या पट्ट्याचा अवशेष अंगावर असतो. एकाच्या छातीवर अर्धी पट्टी, दुसऱ्याच्या नुसते ठिपके, तिसरा पूर्ण राखी. पीस झडतंय, नवं येतंय.

मालगुजेही होते, लांब सरळ चोचीचे, मानेवर तसाच विटकरी उरलेला.

बरोबर आठवीतला मुलगा होता. त्याने दुर्बीण खाली ठेवून विचारलं, "बाई, रंग पुसलेला पक्षी काढायचा का?" हो म्हटलं. फलकावर सात चिखले : पहिला पूर्ण रंगाचा, सातवा पूर्ण राखी, मधले उतरत्या क्रमाने, सगळे एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून. कल्पना त्याचीच.

त्याला रोहितही बघायचे होते. पावसाळ्यात बहुतेक गुजरातकडे गेलेले असतात. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मधलं, १,६९० हेक्टर, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. डिसेंबरनंतर ऐरोलीच्या केंद्रातून होडीने जाऊ, असं कबूल केलं आहे. विसरायचं नाही.

७ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. कस्तुर पूर्ण. चिखल्या निम्मा.

१४ सप्टेंबर, रविवार

शाळेजवळच्या तलावावर तीन सकाळी गेले : शुक्रवार, शनिवार, आज. छोटा खंड्या तिन्ही दिवस त्याच लोखंडी कठड्यावर, साडेसात ते आठच्या मध्ये. पाण्यावर वाकलेली फांदी असती तर तिथे बसला असता. फांद्या छाटल्यात.

मादी आहे. छोट्या खंड्यात नर-मादी ओळखायची खूण चोचीत : नराची चोच काळी, मादीची खालची बाजू नारिंगी. ही नारिंगी पोटाच्या नारिंगीहून लाल. दोन वेगळी मिश्रणं लागतील.

तलावाला चहूबाजूंनी दगड-सिमेंटचा काठ आहे. फिरायला छान, मीही रोज फिरते. पण खंड्याला वीण करायला मातीचा उभा काठ लागतो, त्यात तो बीळ खणतो. इथे मासे मिळतात, घर मिळत नाही. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. एका तरी तलावाचा एक कोपरा, वीस-पंचवीस फूट, मातीचा ठेवता येणार नाही का? मुलांकडून पालिकेला पत्र लिहून घ्यायचं आहे. मराठीच्या सरांना सांगितलं, ते निबंधाऐवजी पत्रलेखन घेतो म्हणाले.

या फलकावर कठडाच काढणार आहे. लोखंडी, गंजलेला, त्यावर खंड्या. गंजाचा आणि छातीचा रंग जवळजवळ सारखा आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

थिरथिरा आला. काल शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर, सकाळची प्रार्थना चालू असताना. मुलं डोळे मिटून, मी उघडे ठेवून. शेपटी थरथरवली, खाली उतरला, मुंगी की किडा टिपला, पुन्हा भिंतीवर. नर : वर काजळी, खाली विटकरी-नारिंगी, उडाला की शेपटीच्या कडा झळकतात.

हा हिमालय आणि त्यापलीकडून येणारा, पण त्याला जंगल नको. भिंत, दगड, मोकळी जमीन, बांधकामाचा ढिगारा चालतो. आपल्या अंगणात येऊन राहणारा एवढाच नारिंगी आहे, मार्चपर्यंत. प्रार्थनेनंतर मुलांना दाखवला. शिपाई मावशी म्हणाल्या, "हा दर वर्षी येतो की, नळापाशी असतो." नऊ वर्षं मी या शाळेत आहे आणि मावशींना कधी विचारलं नव्हतं.

त्याची पार्श्वभूमी शाळेचीच भिंत, नळासकट. मावशींना नळाचं स्केच दाखवून खात्री करून घेतली.

२८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीतही गट येतोय. अवेळी पाऊस, प्लाय सुकत नाही. पाच फलक पूर्ण. निखार राहिला.

निखार मी पाहिलेला आहे, पण लहान जात. येऊरला वर्षभर असते : नराच्या छातीवर नारिंगी, खाली पिवळा होत जाणारा. मला हवा आहे तो मोठा, काळ्या डोक्याचा, सह्याद्रीतला. पुस्तकांत तो कुठे शेंदरी, कुठे तांबडा, कुठे केशरी. सह्याद्रीतला आणि श्रीलंकेतला निखार हल्ली वेगळी जात धरतात, आणि हिमालयाकडच्या निखारापेक्षा आपल्याकडचा नारिंगीकडे झुकतो. छापील रंगावर विसंबून काढायचा नाही. गट म्हणाला, थांबू या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल गुरुनानक जयंतीची सुट्टी, म्हणून आज लावले. पाच पूर्ण. सहाव्यावर फक्त झाड : ऐनाची फांदी, पानांनी भरलेली, खाली बारीक अक्षरांत 'निखार, काम चालू'. सर नाराज होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, मुलं रोज येऊन बघतील, आला का म्हणून.

पाड्यावरच्या मुलीची आजी आली होती. कस्तुराच्या फलकासमोर उभी राहिली, पाचोळ्यावर हात ठेवला. मुलीला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, तर मुलगी म्हणाली, "आजी म्हणते पावसातला आहे."

१६ नोव्हेंबर, रविवार. येऊर

गटातली चौघं, विज्ञानाच्या बाई आणि मी. थंडीची पहिली झुळूक. सव्वाआठला मिश्र थवा आला : पुढे कोतवाल, मागे वटवटे, आणि ऐनाच्या शेंड्यावर दोन पिवळे ठिपके. माद्या. कुणी बोललं नाही. मग त्यांच्या वर, अगदी टोकाच्या पानांतून, नर.

उन्हात होता. निळ्या आकाशावर. डोकं आणि पाठ काळी कुळकुळीत, आणि पोटाचा रंग असा की शेंदरी म्हणावं तर पिवळा जास्त, केशरी म्हणावं तर लाल जास्त. मुलीने हळूच विचारलं, "बाई, लिहू?" तिने सांगितलं ते असं, तसंच उतरवते : चुलीत कोळसा असतो, वर राख, फुंकर मारली की जो दिसतो तो.

पंखावरचा पट्टा मोजला, शेपटीच्या कडा बघितल्या. चार मिनिटं. थवा पाटोणपाड्याच्या दिशेने सरकला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सहावा फलक खाली उतरवून कलादालनात आणला. मिश्रण : कॅडमियम ऑरेंज चार, लाल एक, पिवळा पाव. बर्न्ट सिएना अजिबात नाही, मातीचा अंशही नको. खाली पांढऱ्याचा जाड थर आधी, पूर्ण सुकवून, म्हणजे वरचा नारिंगी आतून उजळतो. पहिला हात मुलीने दिला. दोन माद्यांचा पिवळा आठवीतला मुलगा उद्या करेल. पानं वाढवायची आहेत, विशेषतः उजवीकडे, पक्ष्याच्या खाली.